मॉरिशस : व्हिसा नको, पण कागदपत्रे हवीत

खास प्रतिनिधी

मे महिन्याची सुट्टी असो, दिवाळीनंतरची सहल असो किंवा लग्नानंतरचा मधुचंद्र, मुंबई-पुण्यातील प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत मॉरिशसचे नाव हमखास असते. निळाशार समुद्र, प्रवाळांची भिंत आणि उसाची हिरवी शेते यांच्या छायाचित्रांखाली बहुधा एक आकर्षक ओळही छापलेली असते : ‘व्हिसाची गरज नाही’. हे विधान खोटे नाही. मात्र ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे काही प्रवासी नसलेल्या व्हिसासाठी एजंटाला पैसे मोजतात, तर काहींना विमानतळावरूनच परतीच्या विमानात बसावे लागते. पर्यटक म्हणून जा आणि तेथे नोकरी मिळवा, या आश्वासनाला भुलणारे तरुण तर आयुष्याची पुंजी गमावून बसतात. म्हणूनच हिंदी महासागरातील या आफ्रिकी बेटावर जाण्यापूर्वी प्रवेशाचे नियम नेमके काय आहेत, ते समजून घेणे हिताचे आहे.

‘व्हिसा नाही’ याचा अर्थ

व्हिसा म्हणजे एखाद्या देशात प्रवेश मागण्यासाठी आधी घेतलेली अनुमती. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांसाठी आपण वकिलातीकडे अर्ज करतो, शुल्क भरतो, बोटांचे ठसे देतो आणि मग पासपोर्टवर व्हिसाचे पान लागते. मॉरिशसने भारतीय पर्यटकांना या सर्व प्रक्रियेतून वगळले आहे. साधा भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला नवी दिल्लीतील मॉरिशसच्या उच्चायुक्तालयाकडे अर्ज करावा लागत नाही आणि व्हिसाचे शुल्कही भरावे लागत नाही.

परंतु व्हिसातून सूट मिळणे आणि प्रवेशाचा हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा लागणाऱ्या देशांच्या बाबतीत कागदपत्रांची मोठी छाननी आपल्याच देशात होते. नकार मिळाला तर तो घरबसल्या मिळतो. व्हिसातून सूट असलेल्या देशात हीच छाननी तेथील विमानतळावर होते. मॉरिशसमध्ये ती बेटाच्या आग्नेय भागातील सर शिवसागर रामगुलाम आंतरराष्ट्रीय विमानतळावर पार पडते. प्रवासी खराखुरा पर्यटक आहे काय, तो कोठे उतरणार, खर्च कसा भागवणार आणि परत केव्हा जाणार, या प्रश्नांची उत्तरे तेथील अधिकाऱ्याला समाधानकारक वाटली पाहिजेत. ती तशी वाटली नाहीत तर प्रवेश नाकारण्याचा पूर्ण अधिकार त्याला आहे. थोडक्यात, व्हिसाचा अर्ज नसला तरी परीक्षा असते. फक्त तिचे केंद्र बदलते.

किती दिवस राहता येते?

भारतीय पर्यटकाला एका भेटीत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा आहे. एका कॅलेंडर वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या काळात, सर्व भेटी मिळून पर्यटकाचा मुक्काम १८० दिवसांपेक्षा अधिक होता कामा नये, असा नियम आहे. व्यवसायाच्या बैठकांसाठी जाणाऱ्यांची मर्यादा याहून कमी असून त्यांचा हेतूही वेगळा नोंदवला जातो. त्यामुळे कंपनीच्या कामासाठी जाताना ‘पर्यटन’ असे सांगून मोकळे होऊ नये.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. ९० दिवसांची कमाल मर्यादा म्हणजे प्रत्येकाला आपोआप ९० दिवस मिळतात, असे नव्हे. अधिकारी परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण पाहून मुक्कामाचा कालावधी ठरवतो. सात दिवसांची सहल असेल तर तेवढ्याच दिवसांची अनुमती मिळू शकते. म्हणून शिक्का बसल्यावर तेथेच उभे राहून तारीख वाचून घ्यावी. आपल्याला लागू होते ती शिक्क्यावरची तारीख. माहितीपत्रकातला आकडा नव्हे.

ठरलेल्या तारखेनंतर थांबायचे असेल, तर मुदत संपण्याआधी राजधानी पोर्ट लुई येथील पासपोर्ट आणि इमिग्रेशन कार्यालयाकडे मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. त्या वेळीही परतीचे तिकीट, निवासाची सोय आणि खर्चाची ऐपत यांचे पुरावे द्यावे लागतात. मुदत उलटल्यावर विनापरवाना राहणे हा तेथील कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याची नोंद पुढच्या प्रवासातही आडवी येते, कारण बहुतेक देशांच्या व्हिसा अर्जात ‘यापूर्वी आपणास कोठून परत पाठवले होते काय’ हा प्रश्न असतोच.

हातातल्या पिशवीत काय असावे?

विमानतळावरील अधिकारी विचारेल तेव्हा कागदपत्रे जवळ असली पाहिजेत. ती सामानाच्या पेटीत बंद असतील तर त्यांचा उपयोग नाही. पुढील गोष्टी छापील स्वरूपात हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे पासपोर्ट. तो संपूर्ण मुक्कामाच्या काळात वैध हवा. प्रत्यक्षात प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैधता असलेला पासपोर्ट नेणे शहाणपणाचे, कारण विमान कंपन्या चेक-इनच्या खिडकीवर याच निकषाने पाहतात. पाने सुटलेला, भिजलेला किंवा छायाचित्र पुसट झालेला पासपोर्ट असेल तर आधी नवा काढून घ्यावा.

दुसरी गोष्ट, परतीचे किंवा पुढच्या देशाचे निश्चित तिकीट. केवळ जाण्याचे तिकीट घेऊन निघालेल्या प्रवाशाला मुंबईतच विमानात चढू न देण्याची शक्यता अधिक. नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येत असल्याने त्यांचे कर्मचारी ही तपासणी काटेकोरपणे करतात.

तिसरी गोष्ट, निवासाचा पुरावा. हॉटेलचे आरक्षण संपूर्ण मुक्कामाचे हवे. पहिल्या दोन रात्रींचे आरक्षण दाखवून ‘पुढचे तेथे जाऊन पाहू’ असे सांगणे युरोपीय पाठपिशवीवाल्यांना कदाचित खपून जाईल. आपल्या पासपोर्टावर ते धोक्याचे आहे. काही जण रद्द करता येण्याजोगे आरक्षण करतात, त्याची प्रत छापून घेतात आणि मग ते रद्द करून टाकतात. अधिकाऱ्याने हॉटेलला दूरध्वनी केला की हे बिंग फुटते. मग पर्यटकाच्या इतर खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

चौथी गोष्ट, खर्चाची ऐपत. माणशी दर दिवसाला सुमारे १०० अमेरिकी डॉलर हे मान गृहीत धरले जाते. ही सर्व रक्कम रोख नेली पाहिजे असे नाही. थोडे परकीय चलन, आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड आणि बँकेच्या अलीकडच्या खातेउताऱ्याची प्रत एवढे जवळ असले म्हणजे पुरते. हॉटेल आणि जेवणाचे पैसे आधीच भरले असतील तर त्याची पावती अवश्य ठेवावी.

याखेरीज नोकरदारांनी रजा मंजुरीचे पत्र, व्यावसायिकांनी व्यवसायाचा एखादा दाखला आणि विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. हे कागद सक्तीचे नाहीत. मात्र ‘हा माणूस परत जाणार’ हे पटवून देण्यास ते उपयोगी पडतात. आई किंवा वडील यांपैकी एकाच पालकासोबत मूल जाणार असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत असावी. नवविवाहितांनी आणखी एक काळजी घ्यावी. लग्नानंतर नाव बदलले असले, तरी पासपोर्टवर जुने नाव असेल तर तिकीट आणि हॉटेल दोन्ही जुन्या नावानेच काढावे. पत्रिकेवर कोणते नाव छापले आहे याच्याशी विमान कंपनीला कर्तव्य नसते.

एक अर्ज मात्र भरावाच लागतो

व्हिसाचा अर्ज नसला तरी मॉरिशसला जाणाऱ्या प्रवाशाला एक डिजिटल प्रवास-अर्ज भरावा लागतो. पूर्वी विमानात कागदी कार्डे वाटली जात. एक आगमनाचे आणि एक आरोग्याचे. त्या दोहोंची जागा आता या एकत्रित अर्जाने घेतली आहे. त्यात पासपोर्टचा तपशील, विमानाचा क्रमांक, निवासाचा पत्ता आणि आरोग्यविषयक माहिती द्यावी लागते. अर्ज पूर्ण झाल्यावर एक क्यूआर कोड मिळतो. तो मोबाइलमध्ये साठवावा आणि छापूनही घ्यावा. विमानतळावर मोबाइलची बॅटरी संपणे ही फार सामान्य घटना आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की मॉरिशस सरकारच्या संकेतस्थळावर हा अर्ज विनामूल्य भरता येतो. तरीही इंटरनेटवर शोध घेताच सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पाने समोर येतात आणि ‘मॉरिशस ई-व्हिसा’ किंवा ‘प्रवेश परवाना’ या नावाखाली शुल्क मागतात. मॉरिशसच्या सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यात ‘गव्हएमयू डॉट ओआरजी’ हा भाग असतो, एवढी खूण लक्षात ठेवावी. मॉरिशसचा ई-व्हिसा ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागतो त्यांच्यासाठी आहे. भारतीय पर्यटकाला त्याची गरज नाही. एखाद्या प्रवासी कंपनीने सहलीच्या बिलात ‘मॉरिशस व्हिसा शुल्क’ अशी ओळ घातली असेल, तर ती रक्कम कशाची, असे स्पष्ट विचारावे. अर्ज भरून देण्याची सेवा म्हणून कोणी पैसे घेत असेल तर तो ग्राहक आणि कंपनी यांच्यातील प्रश्न. पण त्याला व्हिसा शुल्क म्हणणे ही दिशाभूल आहे.

स्नेह्याकडे उतरणार असाल तर

मॉरिशसच्या लोकसंख्येत भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे असून तेथे नोकरीनिमित्त राहणारे भारतीयही पुष्कळ आहेत. त्यामुळे अनेक जण हॉटेलऐवजी नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरी उतरतात. त्यास हरकत नाही. मात्र अशा वेळी यजमानाचे सहीचे निमंत्रणपत्र, त्याच्या ओळखपत्राची किंवा निवास परवान्याची प्रत आणि पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे अथवा पाण्याचे बिल सोबत घ्यावे. पत्रात पाहुण्याचे पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, नाते आणि मुक्कामाच्या तारखा असाव्यात.

यजमानाचा दूरध्वनी क्रमांक चालू असला पाहिजे आणि विमान उतरण्याच्या वेळी त्याने तो उचललाही पाहिजे. अधिकारी खातरजमा करण्यासाठी त्याच क्रमांकावर फोन करतात. समाजमाध्यमावर ओळख झालेल्या, प्रत्यक्ष कधी न भेटलेल्या व्यक्तीच्या निमंत्रणावर जाणाऱ्यांची चौकशी अधिक खोलात जाते आणि ती जावी हे योग्यच आहे.

पर्यटक म्हणून जाऊन नोकरी?

या साऱ्या छाननीमागे एक कारण आहे. मॉरिशसमध्ये बांधकाम, कापड कारखाने, बेकऱ्या आणि हॉटेले यांत परदेशी कामगार मोठ्या संख्येने काम करतात. व्हिसा लागत नाही याचा फायदा घेऊन काही दलाल बेरोजगार तरुणांना पर्यटक म्हणून तेथे पाठवतात. ‘एकदा पोहोचा, मग वर्क परमिट काढून देऊ’ असे आश्वासन असते. त्यासाठी घरचे दागिने गहाण पडतात, जमीन विकली जाते.

कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. पर्यटकाला तेथे कोणतेही पगारी काम करता येत नाही. नोकरीसाठी जाणाऱ्या कामगाराचा कामाचा परवाना मालकाने मागायचा असतो आणि तो कामगार भारतातून निघण्यापूर्वी मंजूर व्हावा लागतो. उच्च पगाराच्या व्यावसायिकांसाठी ‘ऑक्युपेशन परमिट’ नावाची वेगळी व्यवस्था असून ती तेथील आर्थिक विकास मंडळामार्फत चालते. पर्यटक म्हणून पोहोचलेल्या आणि कारखान्यात सापडलेल्या कामगाराच्या वाट्याला अटक आणि हद्दपारी येते. मालकाने वेतन बुडवले तर तक्रार करण्याचीही सोय राहत नाही, कारण तक्रार करणाराच बेकायदा ठरतो.

नोकरीचा प्रस्ताव आला तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात. एजंटाची भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे काय, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आणि कामाच्या परवान्याची प्रत हातात आली आहे काय? या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर विमानाचे तिकीट काढू नये. ‘विमानतळावर फिरायला आलो असे सांगा’ हे वाक्य एजंटाच्या तोंडून निघाले, की त्याच क्षणी व्यवहार थांबवावा.

महिनोन् महिने राहायचे असेल तर

निवृत्तीनंतर काही महिने समुद्रकिनारी राहावे किंवा संगणकावर घरून करता येणारे काम तेथून करावे, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी मॉरिशसने २०२० मध्ये ‘प्रीमियम व्हिसा’ ही योजना सुरू केली. १८० दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करू इच्छिणाऱ्यांना एक वर्षासाठी हा व्हिसा मिळतो आणि त्याचे नूतनीकरणही होऊ शकते.

त्याच्या अटी सोप्या असल्या तरी ठाम आहेत. अर्जदाराचे उत्पन्न मॉरिशसच्या बाहेरून आले पाहिजे. ते दरमहा किमान १,५०० अमेरिकी डॉलर असावे. तेथील कोणत्याही कंपनीत नोकरी करता येणार नाही. प्रवास आणि आरोग्याचा विमा, निवासाची योजना आणि परतीचे तिकीट आवश्यक असते. येथे कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी मालकाची लेखी परवानगी घ्यावी. शिवाय परदेशातील दीर्घ मुक्कामाचा प्राप्तिकरावर परिणाम होतो. वर्षातील किती दिवस कोणत्या देशात गेले, यावर निवासी की अनिवासी हे ठरते. म्हणून निघण्यापूर्वी सनदी लेखापालाशी बोलून घेणे इष्ट.

शेजारच्या बेटांचे नियम वेगळे

मॉरिशसबरोबर आसपासचे आणखी एखादे बेट पाहावे, असा मोह अनेकांना होतो. परंतु नकाशावर जवळ दिसणाऱ्या या बेटांचे नियम सर्वस्वी भिन्न आहेत.

रॉड्रिग्ज हे बेट मॉरिशसचाच भाग असल्याने तेथे जाण्यासाठी दुसऱ्या देशाच्या अनुमतीची गरज नाही. विमानप्रवासात पासपोर्ट मात्र जवळ असावा. रियुनियनचे तसे नाही. मॉरिशसहून अवघ्या पाऊण तासाच्या विमानप्रवासावर असलेले हे बेट फ्रान्सचा भाग आहे, पण शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे युरोपसाठी काढलेला साधा शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. फ्रेंच दूतावासाच्या नियमांची चौकशी भारतातूनच करून घ्यावी. रियुनियनहून मॉरिशसला परतताना पुन्हा नव्याने प्रवेश घ्यावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

सेशेल्समध्ये कोणत्याही देशाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही. मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-अनुमती घ्यावी लागते आणि तिला शुल्क आहे. तीत परतीचे तिकीट आणि निवासाचे आरक्षण यांचा तपशील द्यावा लागतो. ही अनुमती नसेल तर विमान कंपनी प्रवाशाला चढू देत नाही. मादागास्करसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. पर्यटकांना तो विमानतळावर पोहोचल्यावर किंवा आधी ऑनलाइन अर्ज करून मिळू शकतो आणि त्याचे शुल्क मुक्कामाच्या दिवसांनुसार ठरते.

आरोग्य, औषधे आणि फराळाचा डबा

मुंबईहून थेट विमानाने मॉरिशसला जाऊन थेट परतणाऱ्यांना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु स्वस्त तिकिटाच्या मोहाने नैरोबी किंवा आदिस अबाबा मार्गे जाणार असाल तर थांबून विचार करावा. केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही देश पीतज्वराचा धोका असलेल्यांच्या यादीत आहेत. तेथे मुक्काम झाला तर मॉरिशसमध्ये प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. भारत सरकारचा नियम तर अधिक कडक आहे. प्रमाणपत्राविना परतणाऱ्यास विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरली जाते.

नेहमीची औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. झोपेची, मानसिक आजारांवरील आणि तीव्र वेदनाशामक औषधे यांवर मॉरिशसमध्ये निर्बंध असून त्यांपैकी काहींसाठी तेथील आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते. अमली पदार्थांबाबत कायदा अत्यंत कठोर आहे. ई-सिगारेट नेण्यास मनाई आहे. सिगारेट वळण्याचा कागदही निषिद्ध वस्तूंत मोडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ड्रोनसाठी तेथील नागरी विमान वाहतूक विभागाचे नियम पाळावे लागतात.

मराठी कुटुंबाच्या सामानात फराळाचा डबा असणारच. चिवडा, चकली, लाडू हे पदार्थ बंद पाकिटातून न्यावेत. ताजी फळे, भाज्या, बिया, रोपे, फुले आणि मांस यांवर मात्र निर्बंध आहेत. हापूसची पेटी कितीही प्रेमाने नेली तरी ती सीमाशुल्काच्या टेबलावर राहण्याचा संभव अधिक. पूजेसाठी आंब्याचा टाळा किंवा दूर्वा नेण्याचा विचारही सोडून द्यावा.

खर्चाचा हिशेब

व्हिसाचे शुल्क वाचले तरी काही खर्च नव्याने आले आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून मॉरिशसने परदेशी पर्यटकांवर दर रात्रीमागे माणशी तीन युरो असे पर्यटन शुल्क लागू केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यातून वगळले आहे. हे शुल्क निवासाच्या ठिकाणी वसूल केले जात असल्याने सहलीच्या किमतीत त्याचा समावेश आहे काय, हे आधी विचारावे. चार प्रौढांच्या कुटुंबाला सात रात्रींसाठी ८४ युरो होतात. ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही. भारतात परदेशी सहलीचे पॅकेज घेताना प्रवासी कंपनी उगमस्थानीच कर गोळा करते. त्याची पावती जपून ठेवल्यास विवरणपत्र भरताना ती रक्कम हिशेबात धरता येते.

एका प्रवासात रोख परकीय चलन तीन हजार डॉलरपर्यंत नेता येते. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत सोबत ठेवता येतात. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड यांची सेवा सुरू झाली. ती सर्वच दुकानांत नसल्याने थोडे स्थानिक चलन बाळगणे बरे. तेथील चलनाचे नावही रुपयाच असले तरी त्याचे मूल्य वेगळे आहे. दर पाहताना ‘रुपये’ हा शब्द वाचून खूश होऊ नये.

प्रवेश अडला तर

सर्व कागदपत्रे असूनही कधी कधी प्रवाशाला बाजूला बसवून चौकशी केली जाते. अशा वेळी आवाज चढवू नये. विचारलेल्या प्रश्नाचे थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. पती-पत्नींना वेगवेगळे विचारले तर उत्तरे जुळली पाहिजेत. म्हणून हॉटेलचे नाव, किती रात्री राहणार आणि परतीची तारीख ही माहिती कुटुंबातील प्रत्येकाला पाठ असावी. इंग्रजी बोलता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. तेथे भोजपुरी आणि हिंदी समजणारे कर्मचारी भेटू शकतात. हॉटेलचा आणि प्रवासी कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. अडचण वाढल्यास पोर्ट लुई येथील भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधता येतो. उच्चायुक्तालय आपली बाजू मांडू शकते, पण मॉरिशसच्या अधिकाऱ्याचा निर्णय बदलू शकत नाही.

जुन्या वाटेवरचा नवा प्रवासी

मॉरिशस आणि महाराष्ट्र यांचा संबंध पर्यटनापेक्षा फार जुना आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्यासाठी भारतातून माणसे नेली गेली. त्यांत कोकणातील आणि देशावरील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात आणि गणेश चतुर्थीनिमित्त त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदी जतन केल्या आहेत. पोर्ट लुईच्या बंदरातील ज्या पायऱ्यांवरून ही माणसे बेटावर उतरली, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. पर्यटकाने अर्धा दिवस काढून तो जरूर पाहावा.

त्या मजुरांच्या हाती करारपत्र असे, पण त्यात काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नसे. सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबून ते जहाजात चढले. आजच्या प्रवाशाची स्थिती तशी नाही. नियम उघड आहेत, अर्ज विनामूल्य आहे आणि लागणारे कागद मोजकेच आहेत. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी मॉरिशस सरकारचे संकेतस्थळ पाहावे. ते आपण स्वतः वाचावे. दुसऱ्याने सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये.